मदत हवी आहे: हायपोथॅलॅमस स्लाइसमध्ये प्राझोसिन (अल्फा-1 रिसेप्टर रोखणारं औषध) अर्धवटच काम करतंय

सोलापुरातच रॅटच्या मेंदूच्या 300 मायक्रॉन स्लाइसवर पॅच-क्लॅम्प (एकेका पेशीतला विद्युतप्रवाह मोजण्याचं तंत्र) चालू आहे. मेंदूस्तंभातल्या ए1, ए2 पेशींकडून हायपोथॅलॅमसमधल्या पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रकात येणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन अल्फा-1 रिसेप्टरमार्फत ग्लुटामेटचे संकेत वाढवतं. 100 मायक्रोमोलर नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला ही वाढ स्पष्ट दिसते, पण आधी 10 मायक्रोमोलर प्राझोसिन देऊनही थोडी उरतेच. टीटीएक्सने (टेट्रोडोटॉक्सिन, पेशींचं फायरिंग रोखणारं विष) मात्र साफ थांबते, म्हणजे शेजारच्या पेशी फायर होताहेत.

पहिला संशय प्राझोसिनवरच: पाण्यात ते नीट विरघळत नाही, डीएमएसओ या द्रावकातला स्टॉक बाथमध्ये (स्लाइसभोवतीच्या द्रवात) पडताच बारीक कण दिसतात. की बीटा रिसेप्टर? प्रोप्रॅनोलॉल (बीटा रिसेप्टर रोखणारं औषध) सोबत द्यावं का? नॉरअ‍ॅड्रेनॅलिन इथल्या उकाड्यात, ऑक्सिजन सोडल्यावर गुलाबी पडतं, म्हणून अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घालून, उजेडापासून झाकून, ऐनवेळीच बनवतो. प्राझोसिन तुम्ही कसं विरघळवता, कृपया नेमकं सांगा.