रुळाच्या खिळ्यांच्या खुंट्या: मानेत मोडतात, ड्रिल लागत नाही

वाट_चुकलेला_वाईकर

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई ओहायोला येतेय. मागच्या खेपेला तीन महिने राहिली, तेव्हा तिची तक्रार एकच. थंडीबद्दल नाही, भाज्यांबद्दल नाही. "एवढ्या भिंती आहेत रे तुझ्या घरात, पण खुंटी एक नाही." वाईच्या घरी सोप्यात ओळीनं पाच खुंट्या होत्या. बाबांची टोपी, छत्री, दळणाची पिशवी, कुणाचा तरी ओला टॉवेल, आणि पाचवी कायम पाहुण्यांसाठी मोकळी. इथे ती स्वेटर दाराच्या मुठीला अडकवायची आणि दार उघडलं की स्वेटर जमिनीवर.

तर यंदा ती यायच्या आत पाच खुंट्या झाल्या पाहिजेत, आणि त्याही मी घडवलेल्या. मी एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे हत्यारांची भीती नाही. एका सहकाऱ्यानं त्याची जुनी गॅसची भट्टी दिली. ऐरण परवडली नाही, म्हणून रुळाचा दोन फुटी तुकडा ओंडक्यावर ठोकलाय. खिळे इथल्या जुन्या बाजारात मिळाले, चाळीस खिळ्यांची बादली वीस डॉलरला. लाकडी स्लीपरवर रूळ धरून ठेवणारे खिळे हे. सहा इंच लांब, चौकोनी, जाडी पाच अष्टमांश इंच म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. एका टोकाला छिन्नीसारखी धार, दुसऱ्या टोकाला एका बाजूला झुकलेलं डोकं. काहींच्या डोक्यावर 'एचसी' असा ठसा आहे.

डोकं वर तसंच ठेवायचं, मधे पीळ द्यायचा, धारेचं टोक ठोकून निमुळतं करायचं, त्याला छोटी गुंडाळी घालून आकडा वळवायचा आणि भिंतीला लावायला वर-खाली दोन भोकं पाडायची, असा बेत. आतापर्यंत सात केल्या. एक पीळ देतानाच डोक्याखाली तुटली. एक भिंतीला लावून कौतुकानं लोंबकळून पाहिली, तर डोकं भिंतीत आणि मी जमिनीवर. बाकीच्यांचा पीळ असा की एका बाजूला जिलबी आणि दुसऱ्या बाजूला सरळ सळई. आणि भोकं पाडताना तीन ड्रिल बिट जळाले. बिट नुसता घसरतो, चकाकी येते, बुकणी काही पडत नाही.

गरम खुंटी पाण्यात बुडवली की जो चुर्रर आवाज येतो, खरं सांगायचं तर अर्धा उद्योग त्याच्यासाठीच चाललाय. कुठे चुकतंय?

ऐरण_पाटण

चुर्ररमध्येच चुकतंय, भाऊ.

आमचं घर लोहाराचं. वडील पाटणला बैलगाडीच्या चाकांना धाव बसवायचे, नंतर खुरपी आणि विळे. मी आता पुण्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो, पण भाता ओढण्यात माझं बालपण गेलंय. आमच्याकडे पाणी द्यायचं ते धारेला. विळ्याला, कुऱ्हाडीला. खुंटीला काय करायचंय पाणी? ती काय उसाला घालणार आहात?

'एचसी' म्हणजे हाय कार्बन, पण नावावर जाऊ नका. त्यात कार्बन फार तर ०.३ टक्क्याच्या आसपास. सुरीसाठी त्याच्या दुप्पट तरी लागतो, म्हणून आम्ही विळ्याला ट्रकचा कमानपाटा घ्यायचो. इंटरनेटवर या खिळ्यांच्या सुऱ्या दिसतात, त्या शोकेसमध्ये बऱ्या. मात्र ०.३ टक्के हा मोठा फसवा आकडा. सुरी होण्याइतका कार्बन नाही, पण लालबुंद असताना पाण्यात घातलं तर कडक आणि ठिसूळ होण्याइतका आहे. तुमचे तीन बिट त्यानंच खाल्ले. लोंबकळल्यावर मोडलेल्या खुंटीतही त्याचा वाटा असणार.

उरलेल्या सगळ्या पुन्हा लाल करा आणि कोरड्या राखेत पुरून रात्रभर विसरून जा. सकाळी बिट लोण्यात गेल्यासारखा जाईल. त्याहून बरं म्हणजे भोक गरम असतानाच पंचानं पाडा. ड्रिल माल काढून टाकतं, पंच तो बाजूला सारतो, म्हणून भोकाच्या कडेला मांस राहतं. मग जेवढं जाईल तेवढं ड्रिलनं साफ करा.

पिळाचं कारण वेगळं. लोखंड जिथे जास्त गरम तिथेच वळणार, तो त्याचा स्वभाव. व्हाइसच्या जबड्यात धरलेली बाजू जबडा लगेच थंड करतो, म्हणून तिथे सळई राहते आणि पलीकडे जिलबी होते. ज्या दोन इंचात पीळ हवा तेवढा भाग एकसारखा नारिंगी होऊ द्या. भट्टीत खिळा दोनदा फिरवून ठेवा, घाई करू नका. पान्याला दोन्ही बाजूंनी दांडे असले तर उत्तम, नाहीतर एका हातानं ओढताना खिळा वाकतो. एक पूर्ण फेरा पुरे होतो. आणि वळवताना एक जागा पुढे पळतेय असं दिसलं, तर फक्त त्या जागी पाण्याची बारीक धार सोडा. ती थंड होते, बाकीचं तिला गाठतं.

हो, आत्ताच पाण्याला नाही म्हटलं आणि आता पाणी घाला म्हणतोय. म्हणून तर पिळानंतर तो भाग परत लाल करून हवेत निवू द्यायचा, म्हणजे बसलेला कडकपणा निघून जातो. लाली विझत आली की हातोडा थांबवा. गडद लाल झालेल्या टोकावर घाव घातलात तर टोकाला उभी चीर पडते, आणि ती चीर गुंडाळीत लपली की नंतर कुणाचा तरी स्वेटर उसवते.

पीवे_रिटायर्ड

मी रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या खात्यात ३४ वर्षं काढली, सोलापूर बाजूला. लोहारकाम येत नाही, पण हे खिळे हजारोंनी ठोकताना आणि उपटताना पाहिलेत. आमच्याकडे त्यांना डॉग स्पाइक म्हणायचे. डोक्याला दोन बाजूंना कानासारखं काहीतरी असतं, त्यावरून.

तुमची मान का मोडते ते मला भट्टीशिवाय सांगता येईल. बादलीतला एखादा खिळा उन्हात धरा आणि डोक्याच्या ओठाखाली बघा. रुळाच्या तळाची कड वर्षानुवर्षं तिथे घासत असते. गाडी गेली की रूळ किंचित हलतो, खिळा हलतो, असं दिवसाला कितीतरी वेळा. तिथे खाच पडते. सोळा मिलिमीटरचा खिळा त्या जागी बारा-तेराचा उरलेला मी पाहिलाय. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या खाली, जिथे खिळा लाकडात शिरतो तिथे वाकून वाकून केसासारखी चीर गेलेली असते. वरून दिसत नाही. गँगमन लोक खिळा दुसऱ्या खिळ्यावर आपटून ऐकायचे. चांगला असेल तर टण्ण वाजतो, चिरलेला असेल तर मडक्यासारखा. तुमच्या चाळीसांतले निदान दहा तरी बाजूला काढावे लागतील असा माझा अंदाज.

आणि दुसरं, न विचारता सांगतो. बाजारातून घेतलेत ते ठीक. पण रुळाच्या कडेला पडलेला दिसला म्हणून उचलू नका. तिकडेही ती जागा आणि तो खिळा रेल्वे कंपनीच्या मालकीचा असतो. इकडे वाचणाऱ्यांनी तर हात लावूच नये. भारतात त्यासाठी १९६६चा वेगळा कायदा आहे, रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि 'शोभेसाठी घेतला' हे उत्तर आरपीएफला, म्हणजे रेल्वेच्या सुरक्षा दलाला, पटत नाही. भंगाराचा लिलाव होतो, पण तो लॉटनं. बादलीभर कुणी देत नाही.

इकडे तसेही आता हे खिळे दुर्मिळ झाले. काँक्रीटचे स्लीपर आले आणि त्यांच्याबरोबर रूळ धरणारी पॅण्ड्रोलची वळलेली क्लिप आली. लाकूड बराच काळ राहिलं ते मुख्यतः लोखंडी पुलांवर. ती क्लिप स्प्रिंगच्या पोलादाची असते. पाटणकर, सुरी करायचीच तर ते लोखंड बरं, नाही का?

ऐरण_पाटण

बरं आहे हो काका, पण आत्ता आईंच्या स्वेटरचं बघू.

निखारा_७

दोन मुद्दे राहिले म्हणून लिहिते. मी पेनसिल्व्हेनियात गेली सहा वर्षं शनिवार-रविवार हेच करते.

इथले लाकडी स्लीपर क्रिओसोटमध्ये, म्हणजे डांबरापासून काढलेल्या तेलात, मुरवलेले असतात. खिळ्यावर काळा चिकट थर असेल तर तो तोच. पहिली भट्टी उघड्यावर लावा, धूर जातो त्याच्या उलट्या बाजूला उभे राहा, आणि गॅरेजचं दार अर्धं उघडं म्हणजे उघडं नव्हे. त्याआधी तारेच्या ब्रशनं घासून घ्या. चष्मा घालूनच, कारण पहिल्या घावाला खपल्या उडतात त्या सरळ डोळ्यांकडेच येतात. माझ्या भुवईत एक खूण आहे.

दुसरं म्हणजे भिंत. तुमची खुंटी मोडली नसती तरी भिंत मोडली असती. इथल्या भिंती म्हणजे अर्ध्या इंचाचा जिप्समचा पुठ्ठा, मागे लाकडी खांब सोळा-सोळा इंचांवर. पाचही खुंट्या एका जाड फळीवर बसवा आणि ती फळी लांब स्क्रूनं दोन-तीन खांबांत पक्की करा. आपल्या दगडी भिंतीत खुंटी बांधकामातच चिणलेली असायची, तिला लोंबकळलेलं चालायचं.

आणि एक मत, मागितलं नाही तरी. पीळ एकाच खुंटीला द्या. पाचही पिळदार झाल्या की ते हॉटेलच्या रिसेप्शनसारखं दिसतं. खिळा खिळ्यासारखा दिसू दे, डोक्यावरचा ठसा घासून काढू नका. डोक्याचा तो झुकलेला ओठ टोपी टांगायला आयता उपयोगी पडतो.

वाट_चुकलेला_वाईकर

तीन आठवड्यांनी येतोय. आधी हिशोब देतो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे खिळे आपटून पाहिले. चाळीसपैकी तेरा मडकी निघाली. मोडलेल्या दोन खुंट्यांचे तुकडे जपून ठेवले होते, ते उन्हात नेऊन बघितले. तुटलेल्या जागी अर्धा भाग ताजा, करडा, साखरेसारखा दाणेदार. उरलेला अर्धा काळपट तपकिरी, गंजलेला. म्हणजे ती चीर माझ्या हातात येण्याच्या कितीतरी आधीची होती, मी फक्त उरलेलं अर्धं मोडलं. हे बघितल्यावर मला जरा बरं वाटलं, खोटं का बोला.

जुन्या खुंट्या राखेत पुरल्या. बार्बेक्यूची राख एका पत्र्याच्या बादलीत भरली, पाच लालबुंद खुंट्या आत. सकाळी साडेसहाला हात घातला तर अजून कोमट. ड्रिल खरंच लोण्यात गेलं. पण त्या फळीवर लावल्या नाहीत, शिकाऊ म्हणून गॅरेजात ठेवल्या. नव्या पाच केल्या, ठसेवाल्या खिळ्यांच्या. निखारा ताईंचं मत ऐकून पीळ एकालाच दिला, मधल्या. भट्टीच्या तोंडाशी खिळा दोन मिनिटं जास्त ठेवला आणि फिरवत राहिलो. पान्याला दुसरा दांडा वेल्ड केला. एकाच फेऱ्यात असा समान पीळ बसला की मी बायकोला झोपेतून उठवून दाखवला. तिनं "छान" म्हटलं आणि परत झोपली.

पाणी एकदाही वापरलं नाही. पाचही हवेत निवल्या. चुर्ररची आठवण येते, पण जाऊ दे.

ओकची फळी, तीन खांबांत सहा स्क्रू. काल रात्री पुन्हा लोंबकळलो, ८२ किलो. फळी हलली नाही. आता शेवटचं. खुंट्या थोड्या गरम करून जवसाचं तेल लावलंय, चिंधीनं पुसून. काळा रंग सुंदर आला, पण चार दिवस झाले तरी दारातून शिरलं की वास येतो. आईचे पांढरे कपडे त्यावर लागणार. वास जातो का, आणि डाग पडेल का?

निखारा_७

खुंटी कमी गरम असताना तेल लावलंत, म्हणून ओलसर राहिलं. कोरड्या फडक्यानं दाबून पुसा आणि आठवडाभर उन्हात ठेवा. पांढरं कापड घासून बघा, डाग आला नाही की मग वरून मेणाचा पातळ हात द्या. पण त्या तेलाच्या चिंध्या कुठे आहेत? चोळामोळा करून कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या असतील तर आत्ता उठा. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून बाहेर वाळत घाला.

वाट_चुकलेला_वाईकर

पिशवीतच होत्या. बाहेर काढल्या. आतली एक खरंच गरम लागली.

आता अंगणात दोरीवर पाच तेलकट चिंध्या वाळतायत, शेजारी खिडकीतून बघतोय. वाईला फोन केला होता. आई म्हणाली, पाच ठीक आहेत, पण पाचवीवर काही टांगू नकोस.