विषय: उत्तर: शार्प परक्यांनी बुडवली?

सर्वांना नमस्कार,
शार्प या जपानी कंपनीचा ओसाकाजवळच्या साकाईतला टीव्ही पॅनेलचा कारखाना २०२४ च्या ऑगस्टमध्ये थंडावला. १९१२ ची कंपनी तैवानच्या फॉक्सकॉनला विकली, आणि आता हे! आमच्या पुण्याच्या घरी कल्याणी शार्पचा टीव्ही होता, कोरेगाव भीमाच्या कारखान्यातला. म्हणून जरा जास्तच लागलं.
– नाराकर

काका, नमस्कार.
राग समजला, पण तुम्ही क्रम उलटा लावलाय. साकाई शार्पनेच उभारली, २००९ मध्ये. एकेक काच जवळजवळ तीन मीटरची, मोठ्या टीव्हींसाठी. आणि नेमकं तेव्हाच मंदी, महाग येन, स्वस्त कोरियन पॅनेल! २०१२ मध्ये फॉक्सकॉनचे संस्थापक टेरी गो यांनी त्या कारखान्यात स्वतःचे पैसे घालून हिस्सा घेतला. त्याच वर्षी फॉक्सकॉन शार्पचे ९.९ टक्के शेअर ५५० येनने घेणार होती. भाव कोसळला, बोलणी बारगळली. २०१६ मध्ये फॉक्सकॉनला शेअर गेला ८८ येनला.

आता २०१६ मध्ये फॉक्सकॉनसमोर उभ्या असलेल्या जपानच्या सरकारी फंडाचं. त्याने शार्पसाठी देऊ केले होते ३० हजार कोटी येन, पण बँकांनी आपल्या पैशांवर पाणी सोडावं या अटीवर. मिझुहो आणि मित्सुबिशी यूएफजे यांनी वर्षभरापूर्वीच २० हजार कोटींच्या कर्जाचे प्रेफरन्स शेअर (लाभांशात आधी हक्क असलेले शेअर) करून घेतले होते. त्या पुन्हा कशाला हात पोळून घेतील? फॉक्सकॉन त्यातले निम्मे शेअर विकत घ्यायला तयार होती. देशाभिमान वगैरे ठीक, पण पारडं फिरलं ते इथे.

आणि गंमत म्हणजे, संचालक मंडळाच्या निर्णयाच्या आदल्या दिवशी शार्पने फॉक्सकॉनच्या हाती संभाव्य देण्यांची यादी ठेवली, सुमारे ३५ हजार कोटींची. साखरपुड्याच्या आदल्या रात्री उधारीची वही दाखवावी तशी. फॉक्सकॉनने सुरुवातीला देऊ केलेले ४८,९०० कोटी घसरून ३८,८८० कोटींवर आले, ६६ टक्के हिश्श्यासाठी.

२०१७ च्या डिसेंबरात शार्प टोकियोच्या बाजारात पुन्हा मोठ्या कंपन्यांच्या पहिल्या विभागात आली, हेही लक्षात घ्या. मात्र २०२२ मध्ये तोच साकाईचा कारखाना परत शार्पच्या गळ्यात बांधला आणि त्या आर्थिक वर्षात २६ हजार कोटींचा तोटा झाला, तिथे तुमच्या शिव्या मला मान्य.
– सुइताकर

सुइताकर ताई,
बँकांचं पटलं. पण मग तोशिबा या दुसऱ्या जपानी कंपनीला वेगळा न्याय का? २०१८ मध्ये तिने मेमरी चिपचा धंदा बेन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या गटाला २ लाख कोटी येनना विकला, तेव्हाही तोशिबा आणि होया ही जपानी कंपनी मिळून मतांचं बहुमत जपानी हातात राहील अशी तजवीज केलीच. आणि २०२३ मध्ये अख्खी कंपनी शेवटी जपानी फंडाच्या गटानेच घेतली. तिच्याकडे अणुभट्ट्यांचं आणि संरक्षणाचं काम आहे. शार्पकडे काय, टीव्ही आणि फ्रिज! जपानच्या उद्योग मंत्रालयाने शार्पसाठी किती ताणायचं, हे तिथेच ठरलं असणार.
– नाराकर