पुन्हा: पुन्हा: करिअर दिवस १६ नोव्हेंबर (तारीख की पद्धत?)

सचिव

मंडळी,
आपल्या इंग्लंडमधल्या मंडळाचा मुलांसाठीचा करिअर दिवस: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, २ ते ५, नेहमीचा हॉल. ५३ मुलांची नावं आली आहेत: इयर ८ (वय १२-१३) ची ५, इयर ९ ची १८, इयर १० ची ७, इयर ११ ची १४, इयर १२ ची ६ आणि इयर १३ ची ३. बोलायला २२ जण तयार आहेत, त्यात १३ आयटीवाले, ६ डॉक्टर, २ अकाउंटंट आणि १ फार्मासिस्ट. नानांचं म्हणणं, गेल्या वेळेसारखं स्टेजवरून प्रत्येकाने दहा मिनिटं बोलावं. हरकत असेल तर उद्या रात्रीपर्यंत कळवा, पत्रक छापायला टाकायचंय.

ताई (शनिवार शाळा)

हरकत आहे. आधी हिशोब: २२ जण गुणिले १० मिनिटं म्हणजे २२० मिनिटं. हॉल आपल्याकडे १८० मिनिटं आहे, आणि त्यातच चहा.

दुसरं, सगळ्या वर्षांना एकच दिवस चालत नाही, कारण प्रत्येक वर्षाचा निर्णय वेगळ्या महिन्यात असतो. इयर ९ चे जीसीएसईचे (इयर ११ ची परीक्षा) विषय बहुतेक शाळांत जानेवारी ते मार्चमध्ये ठरतात (काही शाळा इयर ८ मध्येच ठरवतात, म्हणून ती ५ मुलं यादीत ठेवा). इयर ११ च्या सिक्स्थ फॉर्मच्या (इयर १२-१३) ओपन इव्हनिंग ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात, अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीपर्यंत, आणि मधे मॉक्स (सराव परीक्षा). नोव्हेंबरच्या मध्याला त्या १४ जणांना ए-लेव्हलचे (इयर १३ ची परीक्षा) विषय समजावणं म्हणजे बस सुटल्यावर तिकीट हातात देणं. मला इयर ११ साठी १२ ऑक्टोबर हवा आहे. दीड तास, फक्त विषयनिवड, बाहेरचा वक्ता नको.

इयर ९ ला मार्चमध्ये बोलावून उपयोग नाही, तोवर फॉर्म गेलेले असतात.

नाना

ताई, मेडिसिनवाल्यांची तारीख तुमच्या यादीत राहिली. यूकॅसला (विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था) मेडिसिन, डेंटिस्ट्री, व्हेटर्नरी आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६. बाकीच्यांची १४ जानेवारी २०२६. म्हणजे आपल्या इयर १३ च्या तिघांपैकी कोणी मेडिसिन करणार असेल तर त्यांना १६ नोव्हेंबरचा काडीचा उपयोग नाही, हे मला मान्य. यूकॅट (मेडिसिनची प्रवेशपरीक्षा) जुलै ते सप्टेंबरअखेरच होते आणि एका वर्षात एकदाच देता येते. इयर १२ च्या पालकांना हे मार्चपर्यंत कळायलाच हवं, नाहीतर ऑगस्टमध्ये गावी जायची तिकिटं आधीच काढलेली असतात.

आणखी एक. मंडळाच्या कपाटातली यूकॅटची पुस्तकं वाटू नका. २०२५ पासून ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंग (आकृत्यांचा विभाग) काढून टाकलंय. आता एकूण गुण २७०० पैकी, पूर्वी ३६०० पैकी होते. जुन्या पुस्तकातला ‘२६०० म्हणजे ठीकठाक’ हा अंदाज आज धरला तर मूल भलत्याच कॉलेजांना अर्ज करेल. अर्जातल्या पाच पसंतींपैकी मेडिसिनच्या चारच भरता येतात, त्यातली एक वाया घालवणं परवडत नाही.

अण्णा (हॉल आणि सामान)

१२ ऑक्टोबरला मोठा हॉल नाही, दिवाळीची तालीम आहे. मागची लहान खोली मिळेल, २५ खुर्च्या. प्रोजेक्टर आहे, पण पडदे नाहीत, दुपारी ऊन थेट भिंतीवर येतं आणि काही दिसत नाही. कागद छापून आणा. घडीची टेबलं एकूण १० आहेत, त्यातल्या दोन टेबलांचे पाय गणपतीत निघाले, ती धरू नका.

सांस्कृतिक समिती

अण्णा, लहान खोलीत कपडेपट ठेवायचा ठरलंय, जुलैच्या बैठकीत. तालीम ११ ते ५ आहे. दरवर्षी ऐनवेळी आमच्याच तारखेत काहीतरी घुसतं. खोली हवी असेल तर दीडपर्यंत वापरा, नंतर ३२ जणांचे पोशाख तिथे लागतात.

ताई (शनिवार शाळा)

दीडपर्यंत पुरतं. ११:४५ ते १:१५ घेते. मुलं १४, प्रत्येकी दोन कागद.

पहिल्या कागदावर उलटा क्रम: आधी पदवी, मग त्यासाठी लागणारे विषय. मेडिसिनला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागते आणि बऱ्याच ठिकाणी बायॉलॉजीही. इंजिनिअरिंगला मॅथ्स आणि फिजिक्स. कॉम्प्युटर सायन्सला मॅथ्स. ए-लेव्हलला कॉम्प्युटर सायन्स नसलं तरी बहुतेक ठिकाणी अडत नाही. पालकांचा नेमका उलटा समज असतो आणि मॅथ्स सोडलं जातं. दुसऱ्या कागदावर मुलाने निवडलेले विषय आणि त्यामुळे बंद होणारे कोर्सेस. हा दुसरा कागद मुलाने स्वतःच्या हाताने भरायचा. भरलेला आणून दिला तर तो घरी ड्रॉवरमध्ये जातो.

वहिनी (फी आणि कागदपत्रं)

विषयांइतकीच महत्त्वाची गोष्ट कोणी काढत नाही, म्हणून मी काढते. आपल्या यादीत निम्मी कुटुंबं स्किल्ड वर्कर (नोकरीच्या) व्हिसावर आहेत. त्यांच्या मुलांना विद्यापीठात ‘होम’ (इथल्या रहिवाशांची) फी लागेल की परदेशी, हे शाळा सांगत नाही, कारण शाळेत मुलं फुकटच शिकतात.

इंग्लंडमध्ये सर्वसाधारण नियम असा: सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या कोर्ससाठी १ सप्टेंबरला मुलाकडे कायम वास्तव्याचा परवाना म्हणजे आयएलआर हवा, आणि त्याआधीची तीन वर्षं इथेच वास्तव्य हवं. आयएलआर ५ सप्टेंबरला आला तर या नियमाने त्या कोर्सला होम फी नाही. होम फी २०२५-२६ ला ९,५३५ पाउंड. परदेशी फी तिच्या दुप्पट, तिप्पट आणि मेडिसिनला त्याहून जास्त. दुसरा रस्ता दीर्घ वास्तव्याचा: कोर्सच्या त्या १ सप्टेंबरला मूल १८ च्या आत असेल तर इथे सलग ७ वर्षं, १८ पूर्ण असेल तर निम्मं आयुष्य सलग राहिलेलं असेल, तर होम फी मिळू शकते. म्हणून इयर ९ च्या पालकांनी आजच कागदावर तीन तारखा लिहाव्यात: इथे आल्याची, आयएलआरला पात्र होण्याची, आणि मूल इयर १३ संपवेल त्या वर्षाचा १ सप्टेंबर. तिसरी तारीख दुसरीच्या आधी पडत असेल तर एक वर्ष थांबणं किंवा अप्रेंटिसशिप (नोकरी करत शिकणं), हे पर्याय आत्ता बघायचे.

अप्रेंटिसशिपच्या सरकारी पैशाला आयएलआर लागत नाही. वैध परवाना आणि तीन वर्षांचं वास्तव्य लागतं. डिग्री अप्रेंटिसशिप ही लेव्हल ६ ची, म्हणजे पदवीच्या पातळीची, पगार मिळतो आणि मुलाला फी नाही. आपल्याकडे ‘अप्रेंटिस’ म्हटलं की आयटीआय डोळ्यासमोर येतं आणि पालक पुढचं ऐकतच नाहीत. हे त्यांना मुलांसमोर सांगू नका, वेगळ्या खोलीत सांगा.

नाना

वहिनी, वेगळ्या खोलीत का? पालक मुलांसोबत ऐकतील तर घरी चर्चा होईल.

वहिनी (फी आणि कागदपत्रं)

कारण मुलाला प्रश्न विचारला की उत्तर पालक देतात. दोघं एका टेबलाशी बसले की मूल गप्प. शिवाय व्हिसाच्या तारखा चारचौघांत कोणी बोलत नाही. लहान खोलीत, दारं बंद करून, बोलतात.

ताई (शनिवार शाळा)

नाना, १६ नोव्हेंबर तुमचा राहू दे. इयर १० ते १३ ची ३० मुलं घेऊ. स्टेज नको, टेबलं लावू. ६ टेबलं, प्रत्येकी ५ मुलं, ८ मिनिटं बोलणं आणि २ मिनिटं जागा बदलायला. सहा फेऱ्यांचा एक तास. बदलायला एक मिनिट ठरवलं तर हमखास तीन लागतात आणि शेवटच्या टेबलाला चारच मिनिटं उरतात.

टेबल भिंतीला लावा आणि पाच खुर्च्या त्याच्यासमोर नालासारख्या मांडा. टेबलाभोवती गोल बसवलं तर पाठ करून बसलेल्याला शेजारच्या टेबलाचा आवाज येतो, स्वतःच्या टेबलाचा नाही. शिट्टी नको. गणपतीच्या खोक्यातली आरतीची घंटा आणा: सातव्या मिनिटाला एक टोल, आठव्याला दोन. माइकवरून ‘वेळ संपली’ म्हटलेलं चाळीस माणसांत कोणाला कळत नाही.

प्रत्येक वक्त्याने कामावरची एक वस्तू आणायची आणि ती मुलांच्या हातात द्यायची. क्वांटिटी सर्व्हेअरने (बांधकामाचा खर्च मोजणारा) एका भिंतीचा नकाशा आणि त्याच भिंतीचं विटा-सिमेंटचं बिल; मुलं बोट ठेवून मोजतात आणि आकडे का जुळत नाहीत हे स्वतःहून विचारतात. इलेक्ट्रिशियनने जळलेला एमसीबी (वीज आपोआप तोडणारं बटण). वस्तू नसली की आठपैकी सात मिनिटं वक्ता स्वतःच्या कंपनीविषयी बोलतो. टेबलावर एक कार्ड, त्यावर तीनच प्रश्न: सोमवारी सकाळी पहिलं काम काय असतं, १६ ते १८ वयात काय शिकलात जे आज लागतं, या कामाला पदवीशिवाय कसं शिरता येतं.

आणि १३ आयटीवाले नकोत. दोन पुरेत. एक डॉक्टर, एक अकाउंटंट. उरलेल्या दोन खुर्च्यांवर हाताने काम करणारी माणसं हवीत.

नाना

माझी एकच अट: ज्यांना आपण नाही म्हणतोय त्या आयटीवाल्यांना फोन मी करणार. ई-मेलने कळवाल तर पुढच्या वर्षी कोणी येणार नाही. आणि एकाच डॉक्टरला बसवायचं असेल तर रेडिओग्राफर किंवा फिजिओथेरपिस्ट शोधा. तेही हॉस्पिटलच आहे, आणि पालकांना तो रस्ता माहीत नसतो.

सचिव

डीबीएसचं (गुन्हेगारी नोंदींची तपासणी) काय? सगळ्या वक्त्यांचं करायचं?

ताई (शनिवार शाळा)

नाही. एका दुपारी, सगळ्यांसमोर बोलणाऱ्याला वर्धित डीबीएस लागत नाही, आणि भूमिका पात्र नसेल तर मंडळाला ते मागताही येत नाही. नियम दोन: कोणीही मुलासोबत एकटं राहायचं नाही, आणि मुलांचा फोन नंबर किंवा इन्स्टा घ्यायचं नाही. पुढचा संपर्क पालकांच्या ई-मेलवर, मंडळामार्फत. फोटोची संमती नावनोंदणीच्या फॉर्मवरच घ्या. दारात कागद धरून सही घेतली की रांग जिन्यापर्यंत जाते.

इयर १३ ला त्या दिवशी वेगळं काढा, तिघंच आहेत. २०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट (यूकॅसच्या अर्जातलं स्वतःविषयीचं लेखन) म्हणजे एक लांब निबंध नाही, तीन प्रश्न आहेत. मिळून ४,००० अक्षरं, प्रत्येकाला किमान ३५०. मोठ्या भावंडांचा जुना निबंध समोर ठेवून लिहू नका असं सांगा.

सांस्कृतिक समिती

इयर ८-९ साठी १८ जानेवारी घेऊ नका. हळदीकुंकू आहे, सगळ्या आया मोठ्या हॉलमध्ये असतील.

अण्णा (हॉल आणि सामान)

२५ जानेवारी मोकळा आहे, २ ते ४:३०. धरून ठेवला. १२ ऑक्टोबर लहान खोली, किल्ली ११:३० ला माझ्याकडून घ्या. १६ नोव्हेंबरला ६ टेबलं १:१५ ला लावतो, दोन माणसं द्या. घंटा खोक्यात आहे, लोलक सैल झालाय, घट्ट करून ठेवतो.

सचिव

पत्रक बदललं: १२ ऑक्टोबर इयर ११, १६ नोव्हेंबर इयर १० ते १३, २५ जानेवारी इयर ८-९. नोव्हेंबर आणि जानेवारीला पालक लहान खोलीत वहिनींकडे. वक्त्यांत इलेक्ट्रिशियन आणि रेडिओग्राफर अजून हवे आहेत, कोणाच्या ओळखीचे असतील तर नानांना कळवा.