खेळण्याच्या खोक्यावर ‘मुलांसाठी’ ‘मुलींसाठी’ छापणं बंद व्हायला पाहिजे, तुमचं मत काय?

कुडाळवाली
सरळच लिहिते. खेळणी मुलगा-मुलगी अशी वाटून विकणं हा नुसता रंगाचा प्रश्न नाहीये, त्यात पोरांचं नुकसान आहे असं माझं ठाम मत आहे. कुठल्याही मोठ्या दुकानात जा, एका भिंतीवर गाड्या, बंदुका, रोबो, ठोकळे, सगळं निळं-काळं, समोरच्या भिंतीवर बाहुल्या, किचन सेट, मेकअपचं सामान, सगळं गुलाबी. सायन्स किटच्या खोक्यावर मुलगा आणि मणी ओवायच्या खोक्यावर मुलगी. आमच्या नाक्यावरच्या किराणा दुकानात आतून खेळणं निघणारं ते चॉकलेटचं अंडं मिळतं ना, ते पण मुलांचं निळं नि मुलींचं गुलाबी, चॉकलेट दोन्हीत तेच.

आवड ज्याची त्याची असते हे मान्य. पण ठोकळे रचताना, स्क्रू फिरवताना पोर आकार, जागा, तोल हे हाताने शिकतं आणि बाहुलीला भरवताना निजवताना दुसऱ्याचं करायला शिकतं. दोन्ही दोघांनाही लागतं. लहानपणीच एका भिंतीकडे वळवलं की निम्मं शिकणं राहूनच जातं.

आणि हे पूर्वीपासून असंच आहे असं कोणी म्हणू नका. एलिझाबेथ स्वीट म्हणून अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सीअर्स या कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमधल्या खेळण्यांच्या जाहिराती तपासल्या, तर १९७५ च्या कॅटलॉगात उघडपणे मुलांचं किंवा मुलींचं म्हणून विकलेलं खेळणं २ टक्क्यांहूनही कमी होतं. पुढे १९८४ मध्ये तिकडे मुलांच्या टीव्हीवरचे नियम सैल केले, खेळणी खपवायलाच कार्टून मालिका निघाल्या आणि वाटणी परत पक्की होत गेली. लेगो या ठोकळ्यांच्या कंपनीचंच बघा, १९८१ च्या जाहिरातीत जीन्स घातलेली मुलगी आपण बांधलेलं हातात घेऊन उभी आहे, आणि २०१२ मध्ये त्याच कंपनीने मुलींसाठी गुलाबी-जांभळी वेगळी मालिका काढली, मग २०२१ मध्ये जाहीर केलं की आता खेळण्यांतला मुलगा-मुलगी भेद काढून टाकायला काम करणार. म्हणजे हे करता येतं आणि बदलताही येतं. यामागे धंद्याचं गणित आहे, भावाची सायकल बहिणीला चालली तर एक खपते, नाही चालली तर दोन.

माझी मागणी एवढीच की खोक्यावर वय लिहा, त्यात काय करता येतं ते लिहा, मुलगा-मुलगी लिहू नका.

दुकानदार_कणकवली
ताई तुमचं सगळं वाचलं पण दुकानात एक दिवस बसून बघा. गिऱ्हाईक आत आलं की पहिलं वाक्य काय, “पाच वर्षांचा झील (मुलगा) आसा, कायतरी दाखवा.” वय आणि मुलगा का मुलगी, या दोनच गोष्टी सांगतात, तिसरी म्हणजे बजेट. पोराला काय आवडतं हे निम्म्या लोकांना माहीत नसतं कारण घेणारा मामा नाहीतर काका असतो आणि त्याला पाच मिनिटांत निघायचं असतं. मी मुद्दाम मुलासाठी किचन सेट दाखवला तर माणूस तोंडाकडे बघतो. एकदा एका काकांनी हौसेने नेला नातवाला, दुसऱ्या दिवशी आजी बदलून न्यायला हजर.

खोकं मी छापत नाही. आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७० झाली, त्यात २०२१ च्या जानेवारीपासून आयएसआयची खूण सक्तीची. चिनी माल कमी झाला, देशी माल आला, चांगलंच झालं, पण देशी कारखानदाराने पण तोच गुलाबी नि तोच निळा उचलला कारण तो खपतो. आधी गिऱ्हाईक बदला, मग दुकान आपोआप बदलेल.

माडाखाली
आमच्या लहानपणात खेळणी व्हती खंय ओ, माडाच्या पातीचा भिरभिरा नि करटी (नारळाची), त्येका कोण झिलाचा नि चेडवाचा (मुलीचा) म्हणूक नाय. ह्या सगळा पैशाचा खेळ.

सावंतवाडीकर
माडाखाली, तुमच्याशी पूर्ण असहमत, आणि कुडाळवाली ताई तुमच्याशी पण. कंपनीला सगळा दोष देऊन आपण सुटतो. मी सावंतवाडीचा, आमची चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध, लाकडाची फळं, भातुकलीचा संच, बैलगाडी. त्यावर कुठलंही खोकं नसायचं, मुलगा-मुलगी छापलेलं नसायचं, तरी भातुकली कुणाला मिळायची? मुलीला. पोळपाट-लाटणं, चूल, जातं हे सगळं छोटं करून तिच्या हातात द्यायचं म्हणजे मोठेपणी काय करायचंय ते कळतं, हे आपल्या आज्यांनी ठरवलं, अमेरिकेच्या टीव्हीने नाही. आणि विटीदांडू, भोवरा, गोट्या हे मुलींना मोठं झाल्यावर कोण खेळू द्यायचं? न्हाण आलं की अंगणातला खेळच बंद. तेव्हा पूर्वी सगळं समान होतं आणि कंपन्यांनी बिघडवलं हे खरं नाही, कंपन्यांनी आपल्याच घरातली वाटणी उचलून रंगवून परत विकली.

कुडाळवाली
सावंतवाडीकर, हे पटलं, आपल्या घरात वाटणी होतीच. पण एक फरक बघा, भातुकलीत भाऊ पण बसायचा. तो बाजार आणायचा, पाहुणा व्हायचा, खोटं खोटं जेवायचा, कधी चूल पण पेटवायचा, कुणी हसायचं नाही. आज गुलाबी खोक्याला हात लावायला सहा वर्षांचा मुलगा लाजतो. ती लाज त्याला त्या खोक्याने शिकवली.

लेकीची_आई_रत्नागिरी
मला यातलं एक खटकतं म्हणून लिहितेय. दर वेळी ही चर्चा निघाली की उदाहरण एकच, मुलीला गाडी द्या, मुलीला रोबो द्या. मग बाहुलीत वाईट काय आहे? माझ्या मुलीला बाहुल्या आवडतात, मनापासून आवडतात, ती त्यांना चिंध्यांचे कपडे शिवते, माप घेते, चुकलं तर उसवते. हे काम नाही का, यात डोकं लागत नाही का. पण एक शिकलेली मैत्रीण घरी येऊन म्हणाली अगं अजून बाहुलीच खेळते का, सायन्स किट दे की. मला राग आला. मुलींचं म्हटलेलं जे जे आहे ते कमी प्रतीचं असं धरून चालता आणि त्याला समानता म्हणता. आणि त्या लेगोच्या गुलाबी मालिकेला एवढी नावं ठेवली पण ती जोरात खपली, म्हणजे कितीतरी मुली ठोकळे घेऊन बसल्याच ना, गुलाबी असले म्हणून काय झालं.

हर्णैचा_पोरगा
ताईंचं बरोबर आहे, उलट बाजूने बोलायला पाहिजे. मुलग्याला बाहुली आणि किचन सेट का नाही? माझे बाबा मासेमारीच्या बोटीवर होते, समुद्रात गेले की बोटीवरचं जेवण तेच करायचे, भात, कालवण, भाकऱ्या सगळं, आणि त्यांच्या हातच्या कालवणासाठी दुसऱ्या बोटीवरचे पण यायचे. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. इकडे बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो त्यात बायका उभ्या राहून बोली करतात, व्यवहार त्यांच्या हातात, वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडी वल्हवत लोकांना कांदळवन दाखवतात. आपल्या किनाऱ्यावर बाया-बाप्यांची कामं इतकी मिसळलेली आहेत आणि खेळण्याच्या खोक्यावर मात्र कुठल्यातरी शहरातल्या फ्लॅटमधलं चित्र, बाबा सोफ्यावर आणि आई ओट्यापाशी. आमच्या पोराने त्यात आपलं घर कुठे शोधायचं. आणि हो, आपल्या दशावतारी नाटकात नऊवारी नेसून बाप्ये रात्रभर राणी होतात, गाव रडतं त्यांच्याबरोबर, त्याच गावात पोराने बाहुली घेतली की नावं ठेवतात, हे मला कधीच समजलं नाही.

देवगडी
दशावतार ही कला आहे, त्याची नि खेळण्याची तुलना नको. आणि निसर्ग म्हणून काही आहे की नाही? २००२ मध्ये माकडांवर प्रयोग झालाय, समोर खेळणी ठेवली तर नर गाडी आणि चेंडूपाशी जास्त वेळ रमले आणि माद्या बाहुली आणि भांड्यापाशी. माकडांना कुणी जाहिरात दाखवली नव्हती. सगळं समाजाने शिकवलं म्हणणं हा हट्ट आहे. उद्या सरकार सांगणार कुठलं खेळणं कुठे ठेवायचं, कॅलिफोर्नियात कायदा केलाच आहे ना. असलं आपल्याकडे नको.

कुडाळवाली
देवगडी, तो प्रयोग मी वाचलाय. त्यातलं भांडं जरा डोळ्यासमोर आणा. माकडीण रांधत नाही, तिला भांडं बाईचं असतं हे कुठून कळणार? मग ती भांड्याकडे गेली ती रंगाने गेली की आकाराने की आणखी कशाने हा प्रश्न उरतोच, त्यावरून चूल मुलीची हे सिद्ध होत नाही. आणि समजा आवड जन्मजात आहे, मी धरून चालते. मग तर छापायची गरजच नाही! ज्याला जे हवं ते तो उचलेलच, खोक्यावर मुलगा-मुलगी लिहून ढकलायचं कशाला?

कायद्याचं पण नीट सांगा. कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये सही झाली, २०२४ च्या १ जानेवारीपासून लागू, आणि तो ५०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मोठ्या दुकानांनाच आहे. मुलांचा विभाग, मुलींचा विभाग ठेवायला बंदी नाही, त्याशिवाय दोघांसाठीचा एक विभाग पण ठेवा एवढंच, आणि पहिल्यांदा मोडला तर दंड जास्तीत जास्त २५० डॉलर. कणकवलीच्या दुकानाला त्यातलं काहीच लागू होणार नाही.

देवगडी
दंड कमी आहे म्हणून तत्त्व बदलत नाही. काय विकायचं कसं मांडायचं हे दुकानदाराने ठरवावं. माझा विरोध कायम.

झेडपी_शाळेतली_बाई
मी पहिली-दुसरीला शिकवते, खाडीपलीकडच्या छोट्या शाळेत. दोन्ही बाजू वाचल्या, मी वर्गात जे बघितलं ते सांगते. आमच्याकडे लाकडी ठोकळ्यांची एक पिशवी आहे, जुनी, रंग उडालेला, तिला खोकं कधीच नव्हतं. ती उघडली की सगळी पोरं तुटून पडतात, पूल, घर, जेटी, मुलीमुलगे एकत्र, भांडणं पण एकत्र. मग एका देणगीदाराने नव्या ठोकळ्यांचे संच दिले, मन मोठं होतं त्यांचं, पण काही खोक्यांवर क्रेन आणि मुलाचं चित्र, काहींवर राजवाडा आणि मुलीचं. आतले ठोकळे जवळजवळ सारखेच. मी काही बोलायच्या आत पोरांनी स्वतःच वाटून घेतलं. एक मुलगी, जी जुन्या पिशवीतून सगळ्यात उंच मनोरा करायची, ती क्रेनच्या खोक्याजवळ जाऊन परत आली, म्हणाली बाई ते मुलग्यांचं आहे. मी खोकी काढून सगळे ठोकळे एका टबात ओतले तेव्हा पुन्हा सुरू झालं.

तेव्हा सावंतवाडीकर म्हणतात तसं घरातून येतंच, पण चित्र पण काम करतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र दिलं तेव्हा काही पालक हसले होते, पण मुलं हसली नाहीत, त्यांनी बघितलं आणि पान उलटलं. लहान मूल चित्रातलं खरं मानतं, म्हणून चित्र छापणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे असं मला वाटतं.

दुकानदार_कणकवली
बाई, टबाचं वाचून विचारात पडलो. भिंती मोडणं मला परवडणार नाही, जत्रांच्या सीझनला आणि चतुर्थीला जो धंदा होतो त्यावर वर्ष चालतं. पण ठोकळे, पझल, चित्रकला, मैदानी खेळ हे मी वयाप्रमाणे एका रॅकवर लावू शकतो, यात नुकसान काही नाही, गाड्या-बाहुल्या आहेत तिथेच राहतील. गिऱ्हाईकाला वय विचारीन आणि मुलगा-मुलगी त्याने सांगितलं तरच. यापेक्षा जास्त शब्द देत नाही.

लेकीची_आई_रत्नागिरी
दादा, त्या रॅकवर एखादी बाहुली पण ठेवा की, मुलगे पण बघतील.

दुकानदार_कणकवली
एक ठेवतो. खपली तर दुसरी मागवतो.