टीका कशी घ्यावी यावर मुलांसाठी चित्रपुस्तक करतेय, शेवट सुचत नाहीये

रंगपेटी, बडोदा

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात माझा चित्रकलेचा छोटासा वर्ग आहे. सहा ते नऊ वर्षांची मुलं येतात. निम्म्यांच्या घरी मराठी, शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी. त्यांच्यासाठी मराठीत 32 पानांचं चित्रपुस्तक करतेय. विषय असा की आपल्या कामाला कोणी नावं ठेवली तर काय करायचं.

वर्गात हे सतत बघते. चित्र मस्त चाललेलं असतं, शेजारचा विचारतो, "हा घोडा की बकरी?" लगेच कागदाचा बोळा. एक मुलगी मात्र बोळा करत नाही, निमूट खोडत बसते. कोणी म्हणालं आकाश जांभळं नसतं, की निळं करते. झाड लहान आहे म्हणालं, की मोठं करते. शेवटी त्या चित्रात तिचं असं काही उरतच नाही. मला बोळा करणाऱ्यांपेक्षा हिची काळजी जास्त वाटते.

गोष्ट: सात वर्षांची रेवा उत्तरायणासाठी पहिल्यांदाच स्वतः पतंग करते. कामट्या तासायला आजोबा मदत करतात, बाकी सगळं तिचं. जांभळा कागद, त्यावर मोठ्ठे पिवळे डोळे. 14 जानेवारीला सकाळी गच्चीवर नेते. आत्या म्हणते, "अगंबाई, हे कसले डोळे! घुबड वाटतंय." दादा म्हणतो, "डावीकडे कलतोय." शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडतं, "बाजारात एवढे मिळतात, कशाला मेहनत?" आणि पतंग खरंच गोता खाऊन पाण्याच्या टाकीवर आदळतो.

इथे पान 20 येतं आणि मी अडते. एका खर्ड्यात आजोबा म्हणतात, "तू हुशार आहेस, लोकांकडे लक्ष देऊ नकोस." दुसऱ्यात रेवा सगळ्यांचं ऐकते, पतंग उंच जातो, टाळ्या. पहिला शेवट खोटा आहे, कारण दादाचं बरोबर होतं. दुसरा मला सहन होत नाही, कारण त्यात डोळे पुसले जातात. तुम्ही काय कराल?

कोरा कागद

ताई, मी इथल्याच, म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सची. आमच्याकडे काम भिंतीवर लावून सगळे त्यावर बोलायचे. पहिल्या वर्षी रडू यायचं. हळूहळू एक सवय लागली, बोलणं कशाबद्दल आहे ते आधी बघायचं. तुमच्या गोष्टीत ते आयतंच आहे. दादाचं वाक्य पतंगाबद्दल आहे आणि ते तपासता येतं. ढढ्ढा, म्हणजे मधली उभी कामटी, बोटांवर आडवी तोलून धरली की जड बाजू खाली जाते. मग हलक्या बाजूच्या टोकाला चिंधी बांधायची. आत्याचं वाक्य आत्याच्या आवडीबद्दल आहे. तिसरं तर पतंगाबद्दल नाहीच. हे समजावून सांगू नका, रेवाला पतंग बोटांवर तोलू दे. मुलं स्वतः ओळखतील.

आणखी एक. पान 20 डाव्या हाताला येतं. गोता 21 वर न्या, म्हणजे पान उलटल्यावर 22-23 हे अख्खं जोडपान मिळेल. तिथे एक शब्दही नको. फक्त रेवा आणि टाकीला टेकलेला पतंग. तिला चिडायला, रडायला जागा द्या.

चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी आमच्या फाइन आर्ट्स फेअरसाठी मुलांची पुस्तकं केली होती. कुठे बघायला मिळाली तर जरूर बघा.

सयाजीबागेतली आजी

बाळ, आजोबांचं "तू हुशार आहेस" आधी काढ. मी प्राथमिक शाळेत शिकवलं आहे, त्या वाक्यानं मुलं घाबरट होताना पाहिली आहेत. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा 1998 चा अभ्यासही हेच सांगतो. हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं अपयश आल्यावर लवकर हात टेकतात, मेहनतीची मिळालेली टिकून राहतात. आजोबांनी नुसतं विचारावं, "कुठे कलतोय, दाखव बघू."

वरच्या ताईंशी एका बाबतीत मात्र माझं जमत नाही. आवडीचं बोलणं म्हणून आत्याला बाजूला सारू नये. आपल्याच गावाचं बघा. अरविंद घोष 1893 ते 1906 बडोद्यात होते, पुढे त्यांनी रविवर्म्याच्या चित्रांवर कडक टीका केली. ती चित्रं फतेहसिंह संग्रहालयात आजही आहेत, लोक तल्लीन होऊन बघतात. आणि अरविंदांचं म्हणणंही कोणी वेडगळ ठरवलं नाही. म्हणून आत्याला शेवटपर्यंत ते डोळे आवडू नयेत, आणि तरी तिनं रेवाला प्रेमानं तिळाची चिक्की भरवावी. माझ्या माणसाला माझं काम आवडलं नाही तरी मी त्याला आवडते, हे मुलांना दिसायला हवं. त्या खोडणाऱ्या पोरीला तर नक्कीच.

रावपुऱ्याचा बाबा

मुलाला, वय सात, ही गोष्ट आत्ता वाचून दाखवली. त्याचा पहिला प्रश्न, "मग मांजाची फिरकी कोणी धरली?" मी म्हटलं, तूच सांग. तर म्हणे, "दादानं. त्यानंच सांगितलं ना कलतोय, मग त्यानंच धरायची." तुमच्या शेवटासाठी जसं आहे तसं देतोय.

रंगपेटी, बडोदा

फिरकी दादाच धरणार, ठरलं! मुलाला माझ्याकडून शाबास सांगा, प्रश्न फार नेमका विचारलास म्हणून.

आजी, तुमचं आत्याबद्दलचं वाचून डोळे भरले. मी तिला शेवटी विरघळवणार होते. आता ती म्हणेल, "मला अजून घुबडच वाटतंय," आणि चिंधी तिच्याच जुन्या साडीची असेल. चिक्कीही ठेवते. आजोबांचं वाक्य तुमचंच घेतलं. शेजारच्या गच्चीला रेवा काहीच उत्तर देत नाही, तेव्हा ती किन्ना, म्हणजे मांजा जोडायचा पतंगावरचा दोरा, बांधण्यात गुंतलेली आहे. 22-23 वर शब्द नाही म्हणजे नाही, टाकी तेवढी सावलीसकट नीट काढते.

आता एकच मदत हवी आहे. लहान मुलाच्या हातात पतंगाचा ढढ्ढा बोटांवर तोललेला असतानाचा फोटो कोणी काढून इथे टाकेल का? चेहरा नको, फक्त हात. बोटं कुठे वाकतात ते मला नीट बघायचं आहे.