मेश बारीक केली की पीक लोड घसरतोय, काय करू?

एमटेक_स्ट्रक्चर:
नमस्कार मंडळी, अबॅकस (Abaqus) या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमधे खाच दिलेल्या काँक्रीट बीमचं थ्री पॉइंट बेंडिंग (दोन टोकांना आधार, मधे लोड) करतोय, सेक्शन १०० बाय १०० मिमी, मधोमध ५० मिमी खोल खाच, मटेरियल सीडीपी (काँक्रीट डॅमेज्ड प्लास्टिसिटी, काँक्रीटचं तुटणं दाखवणारं मॉडेल). १० मिमी मेशला, म्हणजे बीमचे १० मिमीचे तुकडे (एलिमेंट) केले की, जो पीक लोड (सर्वात जास्त लोड) येतो तो ५ ला कमी होतो, अडीचला आणखी कमी, आणि भेग दर वेळी एलिमेंटच्या एकाच रांगेतून सरळ वर जाते. गाइड म्हणतात कन्व्हर्जन्स दाखव, म्हणजे मेश बारीक करत गेलं की उत्तर स्थिरावतं हे दाखव, पण हे कन्व्हर्ज होतच नाहीये. कुणी केलंय का असं काही?

काँक्रीटवाला:
टेन्शन स्टिफनिंग (भेग पडल्यावर ताण कसा उतरत जातो ते, म्हणजेच सॉफ्टनिंग) स्ट्रेनमधे भरलंय ना? मग हे होणारच. भेग एका रांगेत मावते, रांग जितकी अरुंद तितकी तुटायला एनर्जी कमी लागते, मेश बारीक करत गेलात तर बीम जवळजवळ फुकटात मोडतो. ग्रिफिथने १९२१ मधेच दाखवलंय की भेगेचा नवा पृष्ठभाग तयार व्हायला एनर्जी लागते, आणि ती मटेरियलवर ठरते, मेशवर नाही. टाइप जीएफआय (थेट फ्रॅक्चर एनर्जी, म्हणजे भेगेच्या दर क्षेत्रफळाला लागणारी एनर्जी, देण्याचा पर्याय) किंवा डिस्प्लेसमेंट करा, म्हणजे एलिमेंटच्या साइजप्रमाणे सॉफ्टनिंग जुळवलं जातं, बझांत आणि ओह यांचं १९८३ चं क्रॅक बँड मॉडेल याच तत्त्वावर आहे. आणि हे नक्की तपासा: फ्रॅक्चर एनर्जी ०.१ न्यूटन प्रति मिमी धरली तर खाचेच्या वर उरलेल्या ५० बाय १०० भागाला साधारण ५०० न्यूटन-मिमी लागतात, बीम पूर्ण तुटेपर्यंतच्या लोड-डिफ्लेक्शन कर्व्हखालचं क्षेत्रफळ त्याच्या आसपास आलं पाहिजे. मी तर पीक लोडच्या आधी हेच बघतो.

फेजफील्ड_पुणे:
वरचं बरोबर आहे, पण त्याने लोड जुळेल, भेगेची दिशा मात्र मेशच ओढते. खाच मधोमध आहे म्हणून ते दिसत नाहीये, जरा बाजूला सरकवून बघा, भेग तिरकी जायला हवी तिथे एलिमेंटच्या रेषा धरून जाते. अशा वेळी फेज फील्ड (भेगेला रेषेऐवजी पसरट पट्टा मानणारी पद्धत) खरंच सुंदर चालतं, फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांच्या १९९८ च्या मांडणीवर उभं आहे, भेग कुठून जाईल ते एकूण एनर्जी कमीत कमी करून ठरतं, आपण आधी काही सांगायचं नाही. फक्त लेंग्थ स्केलच्या (त्या पट्ट्याची रुंदी ठरवणाऱ्या मापाच्या) निम्म्याहून लहान एलिमेंट ठेवा, आणि ती लेंग्थ मनाला येईल तशी घेऊ नका, साध्या मॉडेलमधे तिच्यावरच स्ट्रेंग्थ ठरते. रनला वेळ भरपूर लागतो, ही तयारी ठेवा.

एमटेक_स्ट्रक्चर:
खूप आभार दोघांचे! जीएफआय टाकलं, ५ आणि अडीचचे पीक आता जवळजवळ सारखे आलेत. पण पीकनंतर रन मधेच अडकतो, त्याचं काय?

काँक्रीटवाला:
लोड लावत असाल तर ते काढा, डिस्प्लेसमेंट द्या. तरी अडकला तर व्हिस्कॉसिटी पॅरामीटर (रन पुढे सरकावा म्हणून दिलेला कृत्रिम चिकटपणा) अगदी लहान द्या, पण दोन-तीन किमती घेऊन तुलना करा, तो जास्त झाला की पीक लोड उगाच वाढलेला दिसतो.