डीआयडीमध्ये खरंच अक्षर बदलतं का?

निळी_शाई:
नमस्कार मंडळी, विषय जरा नाजूक आहे, उगाच फाटे फोडू नका प्लीज. माझ्या मावसबहिणीला मागच्या वर्षी डीआयडीचं निदान झालंय, पूर्वी मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणायचे तेच, म्हणजे एकाच माणसात वेगवेगळी व्यक्तिमत्त्वं. ट्रीटमेंट चालूये. थेरपिस्टने डायरी लिहायला सांगितलीय, परवा तिने स्वतःहून ती माझ्यापुढे धरली आणि मी गारच पडले, सगळी पानं तिच्या नेहमीच्या तिरक्या घाईच्या अक्षरात आणि मधेच चार ओळी दुरेघी वहीत गिरवल्यासारख्या, मोठ्ठी गोल अक्षरं, शिरोरेघ नाही, वेलांट्यांना काही धरबंध नाही. ती म्हणते हे लिहिल्याचं मला आठवतच नाही. काका (तिचे बाबा) म्हणतात नाटकं आहेत, कुणालाही दोन अक्षरं काढता येतात. हस्ताक्षर तज्ज्ञाला दाखवून काकांचं तोंड बंद करता येईल का?

रिकामटेकडा७:
राग मानू नका पण काकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकेत केनेथ बियांकी म्हणून खुनी होता, १९७९ मध्ये पकडला गेला, संमोहनाखाली म्हणे त्याच्यातून 'स्टीव्ह' नावाचं दुसरं व्यक्तिमत्त्व बाहेर आलं. मार्टिन ऑर्न या मानसोपचारतज्ज्ञाने बोलता बोलता मुद्दाम पिल्लू सोडलं की खऱ्या केसमध्ये सहसा दोनपेक्षा जास्त व्यक्तिमत्त्वं असतात, की लगेच 'बिली' हजर! तर सोंग काढणारे असतात.

चहाबिस्किट:
बियांकीला शिक्षा टाळायची होती, या मुलीला काय मिळणारे? असो. मी सायकॉलॉजीत एमए केलंय, डॉक्टर नाही. 'ईव्ह'ची केस वाच, मल्टिपल पर्सनॅलिटीचीच, अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या थिगपेन आणि क्लेक्ली या मानसोपचारतज्ज्ञांचा १९५४ चा पेपर. तिथेही एक पत्र आलं होतं ज्याचा शेवट वेगळ्याच, पोरकट अक्षरात होता. पुढे सगळे नमुने तज्ज्ञाला दाखवले तर तो म्हणाला वरवर वेगळे दिसतात पण लिहिणारी व्यक्ती एकच. म्हणजे तू तज्ज्ञाकडे गेलीस तर तो बहुतेक हेच सांगणार आणि काका म्हणणार "बघा, मी म्हणत नव्हतो?" अगं हात एकच आहे, मेंदू एकच आहे, दुसरं काय निघणार!
पण फरक दिसतो हेही खरंय. १९९७ मध्ये डोरोथी लुइस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीआयडी असलेल्या १२ खुन्यांचे शाळा, दवाखाने, तुरुंगातले जुने रेकॉर्ड्स तपासले, त्यात १० जणांच्या लिखाणात किंवा सह्यांत ठळक बदल सापडले आणि ११ जणांच्या बाबतीत लहानपणच्या भयंकर छळाचे पुरावे मिळाले. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो.

जुना_टाक:
दस्तऐवज तपासणीत नोकरी केली, आता रिटायर. आम्ही अक्षराचा देखावा बघत नाही, रेघ कुठून सुरू झाली, दाब कुठे पडला, अक्षरांची उंची एकमेकांच्या मानाने किती, शिरोरेघ शब्द संपल्यावर ओढली की अक्षरागणिक, असलं बघतो. थकवा, दारू, हात थरथरवणारी औषधं, मांडीवर वही, कशानेही अक्षर बदलतं. कोणी लिहिलं एवढं आम्ही सांगू शकतो, लिहिताना त्या माणसाला भान होतं का, हे शाईत उमटत नाही हो. आणि ताई, अक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नका.

चहाबिस्किट:
जुना_टाक यांनी बरोब्बर सांगितलंय. डीएसएम-५ (अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानाचं पुस्तक) च्या निकषांत अक्षराचा उल्लेखही नाही, तिथे स्मृतीतल्या खिंडारांना महत्त्व आहे. तुझी बहीण 'आठवत नाही' म्हणाली ना, ते थेरपिस्टला कळू दे. आणि हो, त्याच निकषांत 'अंगात येणं' यासारखे अनुभवही धरलेत, त्यामुळे आपल्याकडे हे सगळं परक्या देशातलं खूळ आहे असं कोणी म्हणालं तर सोडून दे.

कोपऱ्यातली_खुर्ची:
मला डीआयडी नाही पण डिसोसिएशनचा (स्वतःपासून, आजूबाजूपासून तुटल्यासारखं वाटण्याचा) त्रास होता म्हणून लिहितेय. आमच्या घरीही असंच, सगळे माझी वही उजेडात धरून अक्षर जुळवत बसायचे. मग मी वही लपवायला लागले. एक विचारू, त्या चार ओळींत लिहिलं काय होतं?

निळी_शाई:
खरं सांगू, मी वाचलंच नाही. वेलांट्याच बघत बसले आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तज्ज्ञाचं राहू दे. उद्या तिच्याकडे जातेय, विचारते की मी वाचलं तर चालेल का. नको म्हणाली तर नुसती बसून येईन.